‘आधी श्रीमंत व्हा, मग हवा स्वच्छ करा’? किताक्यूशूत असं घडलंच नाही

जपानमधल्या किताक्यूशू शहराचे दोन फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. एकात धुरानं झाकलेलं आभाळ, दुसऱ्यात निळीशार खाडी. खाली मजकूर असा: जपाननं तक्रार न करता आधी कारखाने वाढवले, पैसा कमावला, मग प्रदूषण आपसूक गेलं, तेव्हा चंद्रपूर-डोंबिवलीच्या लोकांनीही जरा धीर धरावा. शहर एके काळी खरंच तसं काळवंडलेलं होतं आणि आज खरंच स्वच्छ आहे. खालचा मजकूर मात्र दिशाभूल करणारा आहे.

‘तक्रार न करता’ हे तर सपशेल खोटं. शहराच्या यावाता भागातला पोलाद कारखाना 1901 साली सुरू झाला. तोबाता भागातल्या बायका 1950 च्या सुमारास, म्हणजे युद्धात होरपळलेला जपान अजून गरीबच असताना, वीजकेंद्राच्या राखेविरुद्ध उभ्या राहिल्या आणि तिथे धूळ अडवणारी यंत्रणा बसवून घेतली. साठच्या दशकात शेजारच्या वस्तीतल्या बायका आणखी पुढे गेल्या. चादरी-सदरे बाहेर टांगून त्यांवर बसणारी काजळी त्यांनी तपासली, शाळेतल्या मुलांच्या गैरहजेरीशी ती ताडून पाहिली आणि 1965 मध्ये स्वतः 8 मिमी फिल्मवर माहितीपट काढला. यातल्या कितीतरी जणींचे नवरे त्याच कारखान्यांत कामाला होते. ज्या धुराड्याच्या जिवावर घर चालतं, त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा करायला काय धाडस लागत असेल! आणि नेमकं हेच त्या मजकुरातून गाळलंय.

‘मग प्रदूषण आपसूक गेलं.’ 1966 च्या तपासणीत शहरातल्या दोकाई खाडीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू शून्य निघाला होता. तळाच्या गाळात पारा होता. तो कुठे जाणार आपसूक? 1974-75 मध्ये सुमारे साडेतीन लाख घनमीटर गाळ उपसावा लागला. त्या खर्चाचा सुमारे 71 टक्के भाग कंपन्यांकडून वसूल झाला, हे उत्तमच. पण 1972 ते 1991 या काळात शहरात प्रदूषण निवारणावर एकूण सुमारे 80 हजार कोटी येन खर्च झाले आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक वाटा सार्वजनिक तिजोरीतून गेला. नफा कंपन्यांनी कमावला, निस्तरणं बहुतांशी करदात्यांच्या माथी आलं. दम्यानं धापा टाकणाऱ्या मुलांचा हिशेब यात धरलेलाही नाही.

काही जण उलट टोकाला जाऊन म्हणतात, ‘कारखाने बंद पडले म्हणून आभाळ निळं झालं.’ यात थोडं तथ्य आहे. सत्तरच्या दशकानंतर तिथला पोलाद उद्योग आक्रसला. पण तो संपला नाही, यावातात आजही पोलाद बनतं. फरक पडला तो इंधन बदलल्यानं, धूळ अडवणारी यंत्रं बसल्यानं आणि महापालिकेनं कंपन्यांशी केलेल्या लेखी करारांनी. 1972 मध्ये तर एकदम 54 कंपन्यांना करारात बांधून घेतलं गेलं.

‘ते शिस्तीचे, आपण नाही’ याला एकच उत्तर: मिनामाता. त्याच क्यूशू बेटावरच्या या गावात पारा साठलेले मासे खाऊन लोक आजारी पडले; 1956 मध्ये त्या रोगाची अधिकृत नोंद झाल्यावरही, तिथल्या रसायन कंपनीनं 1968 पर्यंत पाऱ्याचं सांडपाणी समुद्रात सोडलं. लोक शिस्तीचे असून तिथे काय झालं?

आता धीर धरण्याबद्दल. डोंबिवली एमआयडीसीत 2020 मध्ये रसायनांमुळे रस्ता गुलाबी झाला होता. तिथल्या माणसांना धीर धरा सांगण्याऐवजी कारखान्यांना आकडे मागा. सर्वाधिक प्रदूषणकारी गटांतल्या उद्योगांना धूर आणि सांडपाणी सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवणं आपल्याकडे बंधनकारक आहे. ते आकडे वस्तीतल्या शाळेच्या, दवाखान्याच्या फळ्यावर रोज लागले पाहिजेत. ही मागणी करायला आधी श्रीमंत व्हावं लागत नाही.