फक्त पाच

अण्णांना मी खोटं बोललो नाही. "पाच-साडेपाच चालावं लागेल" एवढंच म्हणालो. एकक सांगितलं नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वरोऱ्याला भूगोल शिकवून निवृत्त झाले. रोज पहाटे पाच किलोमीटर चालतात आणि उरलेला दिवस ते लोकांना सांगण्यात घालवतात. डेन्व्हरला आमच्याकडे आल्यापासून ऐकायला लोक नव्हते, त्यामुळे सगळं माझ्याच वाट्याला येत होतं. तशात आमच्या चिरंजिवांना, म्हणजे ईशानला, डायनासोरचं वेड. एका दगडात दोन पक्षी मारावेत म्हणून मी पिकेटवायर कॅन्यनचा बेत काढला. कोलोरॅडोच्या आग्नेय कोपऱ्यात, ला हुंटा गावाच्या दक्षिणेला पर्गाट्वार नदीचा हा दरा आहे आणि तिच्या काठच्या खडकात १५ कोटी वर्षांपूर्वीची डायनासोरची पावलं उमटलेली आहेत. तेराशेच्या वर. हे सगळं मी घरात उत्साहाने वाचून दाखवलं. वाहनतळापासून ठशांपर्यंत ५.६ मैल, म्हणजे नऊ किलोमीटर, आणि तेवढंच परत, हे मात्र मनातल्या मनात वाचलं.

पाणी माणशी एक गॅलन न्या, असं तिथे बजावून ठेवलेलं असतं, कारण वाटेत प्यायचं पाणी नाही. चार माणसं, चार गॅलन, पंधरा लिटर. हे पंधरा किलो कोणी उचलायचे यावर घरात चर्चा झाली नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि चिवड्याचा डबा माझ्या बायकोने, मेधाने, तिच्या पाठीवर घेतला, म्हणजे दर कोसाला हलकं होणारं ओझं तिचं.

पहाटे निघालो. तीन तास सपाट रस्ता, मग कच्चा रस्ता, आणि शेवटचे तीन मैल तर गाडीच्या पोटाला दगड लागले की प्रत्येक वेळी मेधा माझ्याकडे बघायची, जणू दगड मीच पेरले होते. वरून दऱ्यात उतरायला छोटीशी घसरण आहे. उतरताना अण्णा खूश. "काऊन हो जावईबापू, उतारच उतार हाय!" मी मान डोलावली. हाच उतार परत येताना चढ होईल, हे भूगोलाच्या मास्तरांना मी कशाला सांगू?

खाली सप्टेंबरातही तवा तापलेला. सावली म्हणावी तर जुनिपरची खुजी झाडं, बाकी काटेरी निवडुंग. पाचवा किलोमीटर संपला तेव्हा अण्णांनी घड्याळ पाहिलं, थांबले, घाम पुसला आणि विजयी मुद्रेने विचारलं, "कुठी हाय ठसे?"

मी नदीच्या नावाची गोष्ट सुरू केली. कोंडीत सापडलो की मी इतिहास सांगतो. इथे म्हणे काही स्पॅनिश सैनिक अंत्यविधीवाचून मेले, त्यांचे आत्मे 'पर्गेटरी'त, म्हणजे स्वर्गाआधी पापं धुऊन निघतात त्या लोकात, अडकले म्हणून नदीला तसं नाव पडलं. फ्रेंच शिकाऱ्यांनी त्याचं पर्गाट्वार केलं आणि इंग्रजी बोलणाऱ्या गुराख्यांच्या जिभेला ते झेपेना, म्हणून पिकेटवायर. आपण प्लॅटफॉर्मचा फलाट केला, तसंच.

"म्हणजे अडकलेल्या आत्म्याईची नदी," अण्णा शांतपणे म्हणाले. "बरोबर जागी आणलं तुम्ही आमाले."

एवढ्यात ईशान किंचाळला. वाटेवर तळहाताएवढा केसाळ कोळी. टॅरंटुला. या दिवसांत इकडचे नर मादीच्या शोधात बाहेर पडतात आणि माळ तुडवत हिंडतात. अण्णा उकिडवे बसून त्याच्याकडे पाहत राहिले. "पोरगी पाहाले चालला बिचारा. अन् तोही पायीच." सकाळपासून पहिल्यांदा त्यांना कोणाविषयी तरी सहानुभूती वाटत होती, आणि तो मी नव्हतो.

वाटेत डोलोरेस मिशनचे पडके अवशेष आणि छोटं कब्रस्तान लागलं. मेधाने "अजून किती?" विचारलं, मी "हे काय" म्हटलं. हे उत्तर एकूण सात वेळा वापरलं.

आणि मग ठसे. खरं सांगतो, मी विसरून गेलो पाठीवरचं पाणी. नदीकाठच्या चुनखडीत परातीएवढे गोल खळगे, एकामागे एक. त्यांच्या आसपास तीन बोटांचे, नख्यांचे पंजे. गोल ते लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचे, तीन बोटांचे अॅलोसॉरससारख्या मांसाहाऱ्यांचे. तेव्हा इथे नदी नव्हती, उथळ विशाल तळं होतं, आणि हा त्याचा चिखल. एका जागी पाच पिलांच्या रांगा शेजारी शेजारी, एकमेकींना न छेदता चाललेल्या. मार्टिन लॉकली या अभ्यासकाने १९८०च्या दशकात त्यावरून सांगितलं की ही जनावरं कळपाने चालत होती. आमचा कळप तेव्हा असा होता: मेधा अर्धा फर्लांग पुढे, अण्णा एका खडकावर, ईशान नदीत. १९३५ साली एका शाळकरी मुलीमुळे हे ठसे बाहेर कळले, हेही मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

आमच्या शाळकरी मुलाने चिखलातून मान वर केली. "बाबा, पण डायनासोर कुठाय?"

त्याच क्षणी धुरळा उडवत पाच-सहा उंच चाकांच्या गाड्या आल्या. एसीतून ताजीतवानी माणसं उतरली, एका आजीबाईंनी तर पांढरी पँट घातली होती. वसंतात आणि शरदात काही शनिवारी इथे गाडीने यायची मार्गदर्शित सहल असते, आधी नोंदणी करावी लागते. मी माहिती वाचली होती, पण वर लिहिलेलं. हे खाली होतं.

मेधा काही बोलली नाही. तिने फक्त चिवड्याचा डबा बंद केला.

वातावरण निवळावं म्हणून मी अण्णांना ठशांबद्दल मत विचारलं. अण्णा परातीएवढ्या खळग्यात पाय ठेवून उभे होते. "चांगले हाय. पण पावलंच ना? आमच्या वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याले तं डायनासोरचं शेण सापडलं. शेण! दगड झालेलं."

ईशान नदीतून बाहेर आला. "खरंच? शी?"

"मंग! त्याच्यात गवताचे कण निघाले. २००५ साली जगाले कळलं का डायनासोर गवत खात होते. तोवर लोक म्हणत, त्याईच्या जमान्यात गवतच नव्हतं."

पंधरा कोटी वर्षांच्या पावलांनी जे जमलं नाही, ते शेणाने करून दाखवलं. परतीचे नऊ किलोमीटर पोरगं अण्णांचं बोट धरून चाललं, मऊ होतं का, वास येतो का, हातात घेता येतं का, एवढेच प्रश्न. चढावर तर त्याने अण्णांना मागून ढकललं. मी रिकाम्या बाटल्या वाजवत मागे.

गाडीत बसल्यावर त्याने हट्ट धरला, पुढच्या सुट्टीत पिसदुऱ्याला जायचंच. मी आरशातून अण्णांकडे पाहिलं. "अण्णा, तिथे चालावं लागतं का हो?"

"फक्त पाच."

"पाच काय?"

अण्णांनी डोळे मिटून घेतले होते.