बाबांची प्रिंट

नोव्हेंबर आला की आमच्या घरात बाबा जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. पेन्शनसाठी हयातीचा दाखला! फॉर्म खाली त्यांच्या लॅपटॉपवर, प्रिंटर वर आमच्याकडे. मधे सतरा पायऱ्या आणि बाबांचे गुडघे.

"पेन ड्राइव्हवर घेऊन ये ना," बायको म्हणाली. इतक्या सोप्या उपायाकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

खालच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. वाय-फाय वर पोहोचत नाही म्हणून गेल्या वर्षी मी दुसरा राउटर लावला. त्याला खालच्यानं १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, पण वर त्यानं १९२.१६८.२ ची वेगळी चूल मांडली. प्रिंटर या चुलीवरचा, पत्त्याच्या शेवटी ५०. वरचे खाली बिनदिक्कत जाऊन येतात. खालच्यांना वर कोणी राहतं याचा पत्ताच नाही.

बाबांच्या लॅपटॉपवरून प्रिंटरला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं छोटंसं टपाल धाडलं. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. चार वेळा.

"मग गेलं कुठे?" बाबांनी विचारलं. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये जन्मभर सॉर्टिंग केलेल्या माणसाला टपाल गहाळ झालेलं खपत नाही.

गेलं होतं घराबाहेर. राउटरकडे जगाचा नकाशा नसतो, एक तक्ता असतो: अमुक पत्ते अमुक दारानं. तक्त्यात जे नाही ते सगळं डिफॉल्ट दारानं इंटरनेट कंपनीच्या गळ्यात. डोक्यावरच्या खोलीत जायचं टपाल इंटरनेटच्या वाटेला लागलेलं! शिवाय १९२.१६८ हे खासगी पत्ते, घरोघरी तेच. बाहेर त्यांना कोणी दारात उभं करत नाही.

"खणच नाही म्हण की वरच्या मजल्याचा," बाबा म्हणाले. "आम्ही पिनचे पहिले तीन आकडे बघून जिल्ह्याचा खण गाठायचो. तुझ्या यंत्राला दोन मजल्यांचं जमेना?"

खण म्हणजे स्टॅटिक रूट, खालच्या राउटरच्या तक्त्यात हातानं लिहिलेली वाट. ठिकाण १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे बघ. गेटवेच्या, म्हणजे टपाल पुढे कोणाच्या हाती द्यायचं त्या रकान्यात मी ऐटीत वरच्या राउटरचा घरातला पत्ता टाकला, १९२.१६८.२.१. इनव्हॅलिड गेटवे. पुन्हा टाकला. राउटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. मग, माणूस करतो तसं, तोच आकडा जरा जोरात टाइप केला.

बाबांनी चष्मा पुसला. "पाहुण्यानं घर कुठंय विचारलं, आणि तू सांगतोयस, आधी आत या, मग रस्ता दाखवतो. अरे, याला जे दार इथून दिसतं ते सांग."

म्हणजे १९२.१६८.१.२. मुकाट्यानं टाकला. मुकाट्यानं सेव्ह झाला.

मग वरच्या राउटरची फायरवॉल, म्हणजे दारावरची पहारेकरीण, खालच्यांना परकं समजत होती, तिची समजूत काढली. पिंगला उत्तर आलं, तरी लॅपटॉप म्हणे प्रिंटर सापडत नाही. आपोआप शोधणं म्हणजे नुसती हाळी असते, आणि ती राउटर ओलांडत नाही. शेवटी प्रिंटरचा पत्ता हातानं भरला.

संध्याकाळी सहाला बाबांनी बटण दाबलं. वर घरघर झाली. मी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"निघाली ना?" बाबांनी गुडघ्यावर शाल ओढली. "जा आता, घेऊन ये खाली."