शरणपूरच्या पोरांची नावं कुठल्या दगडावर आहेत?

हा विषय नाशिकच्या शरणपूरचा आहे, पण सुरुवात मुंबईतून करते. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी मुंबईला जाऊन रात्री परत येणारे आपण हजारो नाशिककर आहोत. सीएसएमटीला उतरतो, फोर्टातली कामं उरकतो आणि संध्याकाळची गाडी गाठतो, पण हॉर्निमन सर्कलला लागून जे सेंट थॉमस कॅथेड्रल आहे त्याच्या आत जाऊन भिंती वाचणारे फार थोडे. माझं कळकळीचं सांगणं आहे, एकदा तास दीड तास काढून जा. १७१८ च्या नाताळात सुरू झालेलं हे चर्च, आणि आतल्या भिंतींवर संगमरवरी स्मारकं. त्यातली काही समुद्रावर मेलेल्या माणसांची आहेत आणि मला तरी तीच सगळ्यात जास्त बोलकी वाटतात.

उदाहरणार्थ कॅप्टन जॉर्ज निकोलस हार्डिंग. सॅन फिओरेन्झो या इंग्रजी लढाऊ जहाजाचा कॅप्टन. पिएमोंतेझ नावाच्या फ्रेंच जहाजाने तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना सळो की पळो करून सोडलं होतं, मार्च १८०८ मध्ये सिलोनच्या बाजूला हार्डिंगने ते गाठलं, तीन दिवस पाठलाग आणि अधूनमधून लढाई असं चाललं, तिसऱ्या दिवशी, ८ मार्चला, तोफेच्या छऱ्यांनी तो गेला आणि मग त्याच्या माणसांनी ते जहाज ताब्यात घेतलं. वय फक्त सव्वीस. पुरलं कोलंबोला, स्मारक इथे मुंबईत आणि आणखी एक लंडनच्या सेंट पॉल्समध्ये. शिल्प सुंदर आहे, यात वादच नाही.

पण त्या फ्रेंच जहाजावर साडेतीनशेच्या वर फ्रेंच लोक होते आणि शिवाय जवळपास दोनशे लास्कर होते, म्हणजे आपल्या किनाऱ्यांवरचे खलाशी. पकडलेल्या व्यापारी जहाजांवरून त्यांना उचललं होतं आणि शिडांच्या कामाला जुंपलं होतं. लढाई त्यांची नाही, राजा त्यांचा नाही, आणि तीन दिवस दोन्हीकडच्या तोफांच्या मधे उभे. त्यांच्यातलं एकही नाव, एकही गाव कुठल्याही भिंतीवर नाही. त्यांचा म्होरक्या म्हणजे सारंग कोण होता, त्याच्या हाताखालचा तांडेल कोण होता, किती जण घरी पोचले, काहीच नाही.

त्याच चर्चमध्ये अ‍ॅडमिरल फ्रेडरिक मेटलंडचं पण स्मारक आहे. नेपोलियन वॉटर्लूनंतर १५ जुलै १८१५ ला ज्याच्या जहाजावर जाऊन शरण आला तो हा माणूस. नोव्हेंबर १८३९ मध्ये मुंबईजवळ समुद्रातच वारला, वेलस्ली जहाजावर, आणि हे वेलस्ली मुंबईच्या गोदीत बांधलेलं, वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याच्या हाताखाली, सागवानाचं. इतकं भक्कम की १९४० मध्ये जर्मन विमानांनी बॉम्ब टाकेपर्यंत टेम्स नदीत तरंगत होतं! सव्वाशे वर्षं. ते ज्यांनी घडवलं त्या सुतारांची नावं आपल्याला माहीत आहेत का? मुख्य बांधणाऱ्याचं आडनाव तेवढं राहिलं.

आता मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचंय ते. असा विषय निघाला की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात गोऱ्यांचे दगड कशाला जपायचे, आपल्यावर राज्य केलं त्यांनी. दुसरे म्हणतात काय ते वैभव, काय ते कोरीवकाम. मला दोन्ही पटत नाही. दगड जपायलाच हवेत, कारण त्या लढायांची, त्या बोटींची, त्या तारखांची समोर दिसणारी खूण तेवढीच उरलीये, तो दगड गेला तर लास्करांचा प्रश्न विचारायला जागाच राहणार नाही. पण नुसते जपून भागत नाही. जे नाव कोरलं गेलं नाही ते शोधून शेजारी लावायला पाहिजे, आणि आपल्या नाशिकमध्ये तर हे काम करायला इतकी मोठी जागा आहे की मला खरंच कळत नाही आपण अजून गप्प का.

शरणपूर रोड. कॅनडा कॉर्नर, तिबेटी मार्केट, शोरूम, क्लासेस, ट्रॅफिक. रोज आपण तिथून जातो. १८५४ मध्ये प्राइस नावाच्या मिशनऱ्याने शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली आणि पुढे तिथे आफ्रिकन मुलांसाठी आश्रम आणि शाळा सुरू झाली. ही मुलं कुठून आली? पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबांच्या गलबतांमध्ये कोंबून गुलाम म्हणून नेत असताना इंग्रज आरमाराच्या गस्ती जहाजांनी ती गलबतं पकडली, आणि सोडवलेल्यांपैकी बऱ्याच मुलांना मुंबईला आणलं, तिथून काही नाशिकला. म्हणजे विचार करा, सात-आठ-दहा वर्षांची पोरं, आईबापापासून तोडलेली, महासागर ओलांडून गोदावरीकाठी आलेली. इथे शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, इंग्रजी शिकली. माझ्या मते नाशिकच्या इतिहासातले सगळ्यात मोठे दर्यावर्दी हेच, स्वतःच्या मर्जीने नसले तरी.

आणि पुढचं ऐका. आफ्रिकेत फिरणारा डेव्हिड लिव्हिंगस्टन, शाळेत धड्यात वाचलेला असतो आपण. हा माणूस १८६४ मध्ये लेडी न्यासा नावाची छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून थेट मुंबईला आला होता, महासागर पार करून, हाताशी जेमतेम डझनभर माणसं. नंतर १८६६ च्या शेवटच्या मोहिमेसाठी त्याने जी माणसं घेतली त्यात नऊ जण शरणपूरच्या शाळेतले होते, त्याच्या डायरीत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटलंय. नंतर १८७२ मध्ये त्याच्या मदतीला आणखी तुकडी गेली त्यातही शरणपूरची पोरं होती, आणि त्यातला एक जेकब वेनराइट.

मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात चितांबोच्या गावी वारला. बरोबरच्या माणसांनी ठरवलं की याला इथे सोडायचं नाही. काळीज एका झाडाखाली पुरलं, शरीर वाळवून बांधून किनाऱ्यापर्यंत न्यायचं, हजार मैलांहून जास्त रस्ता, बहुतेक सगळा पायी, वाटेत आजारपण, भांडणं, अडवणूक. लिव्हिंगस्टनचे जुने आफ्रिकन सोबती सुसी आणि चुमा म्होरके. काळीज पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने, कारण त्याला वाचता येत होतं, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. लिव्हिंगस्टनचं नाव, मे १८७३ आणि त्याखाली यझुझा, म्न्यासेरे, उचोपेरे ही सोबत्यांची नावं. स्वतःचं नाव कोरलं नाही. त्या खोडाचा तुकडा लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आहे.

मला याच्याविषयी वाचताना फार भरून येतं. शरणपूरला अक्षर गिरवलेला एक तरुण जंगलात चाकूने मेलेल्या साहेबाच्या नावाखाली हमालांच्या म्होरक्यांची नावं लिहितो. ही समज कुणी शिकवली त्याला?

मग १८ एप्रिल १८७४, लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबे. जेकब शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये चालला, एकटाच आफ्रिकन. आणि तिथे जो दगड बसवला त्यावर सुरुवातीलाच लिहिलंय की जमीन आणि समुद्र ओलांडून इमानी हातांनी याला इथे आणलं. बस्स, इमानी हात! सुसी नाही, चुमा नाही, जेकब नाही. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चर्चमधला दगड, जागा भरपूर, कारागीर उत्तम, आणि तरीही जे जेकबला झाडावर जमलं ते तिथल्या मोठ्या लोकांना जमलं नाही. मी हे रागाने लिहितेय आणि मला तो राग योग्य वाटतो.

झांझिबारला जुन्या गुलामबाजाराच्या जागेवरच चर्च बांधलंय. १८७३ मध्ये तह होऊन तो बाजार बंद झाला, तहासाठी गेलेले बार्टल फ्रिअर म्हणजे मुंबईचे माजी गव्हर्नर. त्या चर्चमध्ये गुलामांची गलबतं पकडताना मेलेल्या इंग्रज खलाशांची आठवण ठेवलीये, रंगीत काचेची खिडकी आहे. 'लंडन' नावाच्या इंग्रज लढाऊ जहाजाचा कॅप्टन ब्राउनरिग डिसेंबर १८८१ मध्ये असंच एक गलबत अडवताना मारला गेला, त्याची कबर झांझिबारजवळच्या छोट्या बेटावर आहे. या लोकांबद्दल मला आदर आहे, मनापासून, त्यांनी जीव दिला म्हणून कित्येक पोरं वाचली. पण सोडवणाऱ्याची कबर आहे आणि सुटलेल्याचं नाव नाही, हे अर्धंच झालं ना.

आणि हे फक्त त्यांचंच नाही, आपल्याकडे पण तेच. कान्होजी आंग्रेंची समाधी अलिबागला आहे, लोक जातात, डोकं टेकवतात, जायलाच पाहिजे. पण त्यांच्या गलबतांवरचे कोळी-भंडारी खलाशी? मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही असे, किती मराठी माणसांना माहीत आहे? कोकणातल्या कित्येक घरांतला कुणीतरी बोटीवर होता. समुद्रात गेलेल्या माणसाला ना चिता ना कबर, घरच्यांना हात ठेवायला जागा नसते, म्हणून त्याच्या बाबतीत दगडावरच्या नावाला जी किंमत आहे ती जमिनीवर मेलेल्यापेक्षा जास्त आहे असं मला वाटतं. भारतीय नौदलाचं खुकरी जहाज ९ डिसेंबर १९७१ ला युद्धात बुडालं, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, दीवला त्याचं स्मारक आहे, समुद्राकडे तोंड करून. तिथे जहाजाचे कॅप्टन मुल्ला यांचं नाव घेताना बाकीच्यांना कुणी विसरत नाही, हे असंच पाहिजे.

तर माझी मागणी साधी आहे. शरणपूर रोडला, लोकांना दिसेल अशा जागी, एक मोठा दगड किंवा फलक. मराठीत. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन (लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या काफिल्यातला, १९३५ पर्यंत जगला, मोंबासाला वारला), कॅरस फरार (तोही त्याच काफिल्यातला), आणि कागदपत्रांतून जेवढी नावं मिळतील तेवढी सगळी. यातले बरेच जण १८७४-७५ नंतर मोंबासाजवळ फ्रेअरटाउनला गेले, प्राइसच घेऊन गेला, म्हणजे तिथे त्यांचे वंशज असणार, त्यांना बोलवा की. महापालिकेने करावं, चर्चने करावं, शाळा-कॉलेजांनी वर्गणी काढावी, कुणीही करा.

आणि तोपर्यंत आपल्या हातात असलेलं एक काम. नाशिकच्या आणि देवळालीच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींमधले दगड झिजत चाललेत. चर्चची परवानगी घेऊन जा, वाचा, फोटो काढा. अक्षर दिसत नसेल तर खडू किंवा पीठ चोळू नका, तारेचा ब्रश आणि ॲसिड तर अजिबात नको, दगड कायमचा खराब होतो. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च दगडाच्या अगदी कडेला आडवा धरा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. नाव, तारीख, धंदा, जहाजाचं नाव असेल तर ते, सगळं लिहून ठेवा. ज्यांच्या घरी जुन्या शरणपूरचे फोटो, बाप्तिस्म्याच्या नोंदी, आजी-आजोबांनी सांगितलेल्या आठवणी असतील त्यांनी प्लीज मेसेज करा, मी स्कॅन करून मूळ कागद परत आणून देईन. इतिहास शिकवणाऱ्या सरांनी-मॅडमनी पण या विषयावर पोरांना प्रोजेक्ट द्या, यादी वाढत गेली पाहिजे, फलक लागेल तेव्हा नावं कमी पडायला नकोत.