बुडायचंच असेल तर पाच तारखेनंतर बुडा

‘सदर खात्याची माहिती बरोबर असल्याचं कर्ज देणाऱ्या संस्थेने कळवलं आहे. सबब अहवालात बदल केलेला नाही.’ पुराच्या महिन्यात चुकलेल्या एका हप्त्याबद्दल, सिबिलसारख्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे नोंदवलेल्या हरकतीला परवा हे उत्तर आलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच विचारलं, तो म्हणाला मी बरोबर, तक्रार निकाली. इतक्या स्वच्छ न्यायदानापुढे आपण काय बोलणार! उणीव आहे ती प्रशिक्षणाची. गुरं कुठे न्यावीत, टॉर्च कुठे ठेवावा, वीजवाहिनी पडली तर काय करावं हे पावसाळ्याआधी सगळे सांगतात. सिबिल कोरडं कसं ठेवावं हे कोणीच सांगत नाही. तेव्हा गोव्यातल्या तमाम हप्तेकरी बंधुभगिनींसाठी या काही सूचना.

पहिली सूचना तारखेची. बहुतेकांचा हप्ता महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत, पुष्कळांचा पाच तारखेला, नॅच मँडेटवर, म्हणजे बँकेला आधीच देऊन ठेवलेल्या परवानगीवर, आपोआप कापला जातो. म्हणून पूर पाचनंतर यावा. 23 जुलै 2021 चा घ्या. म्हादई सत्तरीत शिरली, गांजे-उसगाव पाण्याखाली गेलं, पैकुळचा पूल वाहून गेला, पण तारीख किती समंजस! हप्ता जाऊन अठरा दिवस झालेले, पुढच्याला तेरा बाकी. त्याच वर्षीचं तौक्ते वादळसुद्धा 16 मेला आलं. याउलट काणकोणचा 2009 चा पूर: 2 ऑक्टोबर. महिना नुकता उजाडलेला, वर गांधी जयंतीची सुट्टी. अशा बेशिस्त आपत्तीत तुम्ही सापडलात तर बँकेने तरी काय करावं?

तारीख चुकलीच तर पुढचं असं होतं. मँडेट सादर होतं, खात्यात पैसे नसतात, ते परत जातं. तुमचं बचत खातं असलेली बँक परतीचं शुल्क लावते, कर्ज देणारी बाउन्सचं लावते. 1 एप्रिल 2024 पासून दंडव्याज घ्यायला बंदी आहे, त्यामुळे आता त्याला दंडशुल्क म्हणतात आणि तुम्हाला फार बरं वाटतं. काही जण तेच मँडेट आठवड्याभरात पुन्हा सादर करतात. पुन्हा परत, पुन्हा शुल्क. ही सगळी वसुली होत असताना तुम्ही दुकानातला चिखल फावड्याने काढत असता, आणि मोबाईल चिखलात असतो. म्हणून मोबाईल कायम गळ्यात बांधा. हप्ता थकल्याची नोंद गेली की एसएमएस किंवा ईमेलने कळवणं बंधनकारक आहे, आणि ते कळवतात हो. त्या बाबतीत यंत्रणा कधी बुडत नाही.

जामीनदाराला पुराची बातमी तुम्हीच आधी सांगा. तुमचं थकलेलं कर्ज त्याच्याही अहवालात दिसतं.

आता अहवालाची ओळख. त्यात प्रत्येक कर्जापुढे गेल्या 36 महिन्यांची 36 घरं असतात. प्रत्येक घरात त्या महिन्यात किती दिवस थकबाकी होती तो आकडा. 000 म्हणजे गुणी बाळ. 025 म्हणजे पंचवीस दिवस. काही संस्था दिवसांऐवजी वर्ग कळवतात: नव्वद दिवसांच्या आत असेल तर एसटीडी, घसरायला लागलं की एसएमए, नव्वद दिवस उलटले की एसयूबी. माहितीच आली नसेल तर एक्सएक्सएक्स. म्हणजे बँकेने माहिती पाठवायला विसरण्यासाठी खास खूण आहे. ‘या महिन्यात घराला छप्पर नव्हतं’ यासाठी नाही. मुद्दाम बुडवणारा आणि वाळवंटीने साखळीच्या बाजारात बुडवलेला, दोघांच्या घरात तेच 025, आणि 300 ते 900 मधला स्कोर काढणाऱ्या गणिताला दोघे सारखेच. समानतेचं एवढं जिवंत उदाहरण घटनेतसुद्धा सापडणार नाही. ही माहिती पूर्वी महिन्याने जायची, 1 जानेवारी 2025 पासून पंधरवड्याला जाऊ लागली. चांगली सुधारणा आहे: भिंती वाळायच्या आत नोंद पक्की.

अमेरिकेत यासाठी एक खूण आहे. कर्जदार नैसर्गिक आपत्तीत सापडला असेल तर कर्ज देणारा त्या खात्यावर ‘एडब्ल्यू’ असा शेरा टाकू शकतो. दोन अक्षरं. तेवढी आपल्याकडे परवडत नाहीत, संगणकात जागा नसेल.

सवलत अजिबात मिळत नाही असं मात्र म्हणू नका. रिझर्व्ह बँकेने 2018 साली आपत्तीग्रस्त भागांसाठी सविस्तर निर्देश काढले. त्या निर्देशांनुसार सरकारने आपत्ती मान्य करायची, मग राज्यस्तरीय बँकर्स समितीने (गोव्यात तिची निमंत्रक भारतीय स्टेट बँक) किंवा जिल्ह्याच्या समितीने बैठक घ्यायची, पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त भरलं तर पीककर्जाची मुदत वाढवायची. 33 ते 50 टक्के नुकसानीला दोन वर्षांपर्यंत, त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत, आणि त्यातलं किमान पहिलं वर्ष हप्ता नाही. तेव्हा नुकसान मोजून करून घ्या. 32 टक्के बुडालात तर तुम्ही बुडालाच नाहीत. छोट्या दुकानदारांच्या आणि उद्योगांच्या कर्जाचं काय करायचं ते समितीने ठरवायचं. आणि पगारदाराचं गृहकर्ज, दुचाकी, पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड? त्यांनी बहुधा परसात चार सरी भात लावून ठेवावं.

पाण्यात उभी राहिलेली गाडी ‘लागते का बघूया’ म्हणून स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं की विमावाले म्हणतात नुकसान पुराने नाही, तुम्ही केलं. आणि त्या मेलेल्या गाडीचा हप्ता चालूच.

पंचनाम्याला तलाठी आले की पोच मागा, फोटो तारखेसह काढा. भरपाई ज्या खात्यात येते त्याच खात्यावर हप्त्याचं मँडेट असेल तर सरकारची मदत आली कधी आणि गेली कधी हे तुम्हाला पासबुकावरूनच कळेल. म्हणून मदतीसाठी वेगळं खातं द्या. हा मात्र खरा सल्ला आहे, उपरोध नाही.

हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली तर आनंदाने नाचू नका, आधी हिशेब मागा. 2020 च्या टाळेबंदीत एका मोठ्या सरकारी बँकेने स्वतःच उदाहरण दिलं होतं: 30 लाखांचं गृहकर्ज, 15 वर्षं शिल्लक, तीन महिने हप्ता न भरल्यास सुमारे 2 लाख 34 हजार जादा व्याज. तीन हप्त्यांची विश्रांती, आठ हप्त्यांचा दंड. विश्रांती घेताना तुम्हाला विचारतात, व्याज लावताना विचारत नाहीत.

आणि शब्द नीट बघा. ‘हप्ता पुढे ढकलणे’ वेगळं, ‘पुनर्रचना’ वेगळी. 27 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ते पुढे ढकलले तर ती थकबाकी म्हणून पतसंस्थांना, म्हणजे आपल्या गल्लीतल्या नव्हे, सिबिलसारख्या चार कंपन्यांना, कळवायची नाही आणि त्या कंपन्यांनीही कर्जदाराच्या इतिहासाला धक्का लागू द्यायचा नाही. त्याच दिवशी अमेरिकेत कोविड मदतीच्या केअर्स कायद्यावर सही झाली, त्यातही तेच: सवलत दिली असेल आणि खातं तोवर चालू असेल तर ते चालूच कळवा. पण त्याच वर्षी 6 ऑगस्टला पुनर्रचनेची योजना आली, तिच्यात अहवालावर ‘पुनर्रचित’ असा शेरा ठरला. मार्चमध्ये ज्या आजाराला डाग मानलं नाही, ऑगस्टमध्ये त्याच आजारापायी डाग लावला. शाखेत गेलं की टेबलापलीकडचे पात्रांव दोन्हीला ‘सवलत’च म्हणतात आणि तुमची सही घेतात. पुढच्या वर्षी पोरीच्या शिक्षणाचं कर्ज मागायला गेलात की कळतं कशावर सही केली.

तडजोडीचंही तसंच. थोडं माफ करून खातं बंद केलं की अहवालात ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ येतं, आणि पुढचा कर्ज देणारा ते ‘याने पूर्ण दिले नाहीत’ असंच वाचतो. खाणपट्ट्यातल्या ट्रकवाल्यांना आणि बार्जवाल्यांना हे शिकवायला नको. 2012 ला खाणी बंद, पुन्हा 16 मार्च 2018 पासून बंद. ट्रक दारात, हप्ता डोक्यावर. नैसर्गिक आपत्ती नव्हती ती, कबूल. पण ट्रकवाल्याने तरी काय केलं होतं? सरकारने 2014 ला खाणग्रस्तांसाठी कर्जमुक्तीची योजना काढली, भाषणं झाली, पण तडजोडीचा शेरा ज्याच्या कपाळी बसला त्याच्यासाठी सरकारचं कुठलं खातं भांडलं?

आता हरकत कशी घ्यायची ते. चारही कंपन्यांकडून (ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क) वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. जूनच्या आधी चारही काढून ठेवा. एकीकडे 000 आणि दुसरीकडे 025 हा चमत्कार नेहमीचाच. मग हरकत. बँकेला 21 दिवस, एकूण 30 दिवस, त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला. ऐकायला किती छान! पण कायदा म्हणतो की माहिती देणाऱ्या बँकेने दुरुस्ती बरोबर असल्याचं सांगितल्याशिवाय कंपनी ती करू शकत नाही. आणि बँकेचं काय उत्तर असतं? तिचा संगणक दाखवतो की पाच तारखेला पैसे आले नाहीत. आले नव्हतेच! कोणी नाही म्हणतंय? पैसे आले नव्हते कारण शाखा बंद होती, वीज नव्हती, रस्ता नव्हता, एटीएममध्ये नदी होती! तुमची स्वतःची शाखा पाण्याखाली होती म्हणून तुम्ही दारावर पाटी लावलीत, तुमच्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलंत, आणि त्याच तीन दिवसांत गिऱ्हाइकाने वेळ पाळली नाही म्हणून त्याच्या नावापुढे आकडा घातलात! ‘माहिती बरोबर आहे.’ बरोबर आहे हो. पोस्टमॉर्टेममध्ये ‘श्वास थांबला’ लिहिलेलंही बरोबरच असतं. आणि हे उत्तर तिसाव्या दिवसाच्या आत आलं की तक्रार निकाली, 100 रुपयांचा प्रश्नच नाही. शाखेत विचारा, म्हणतील सिस्टीममधून जातं. मुख्यालयात विचारा, म्हणतील शाखेशी बोला. कंपनीला विचारा, म्हणेल बँकेशी बोला. गणपतीची चवथ येते, जाते, आणि तुम्ही अजून टोकन घेऊन बसलेले.

पुरे झाली थट्टा.

मामलेदारांकडे पंचनाम्यांची यादी असते. बँकेकडे खात्यांची यादी पिनकोडसह असते. दोन याद्या जुळवायला एका कारकुनाला एक दुपार लागते. बाधित गावांतली जी खाती पुराच्या आदल्या दिवशी नियमित होती, ती पुढचे तीन महिने त्याच स्थितीत कळवा, एवढी एक ओळ बँकर्स समितीच्या इतिवृत्तात घालायला काय अडतं? 2020 मध्ये अख्ख्या देशासाठी ही ओळ लिहिली गेली, बँका बुडाल्या नाहीत. मग डिचोली, पेडणे, सत्तरीच्या दोन-चार गावांसाठी लिहायला तुमचा हात का थरथरतो? गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढणाऱ्या आमदार-मंत्र्यांनो, तांदळाचं पोतं दिलंत, आभार. त्याच आठवड्यात बँकर्स समितीची बैठक मागितलीत का? मागितली असेल तर इतिवृत्त दाखवा. तुमच्यातल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी सिबिलचा अहवाल उघडून पाहिलाय?

आणि कर्जदारांनो, तुम्हीही तोंडी बोलून घरी येऊ नका. ‘मॅनेजर ओळखीचा आहे, बघतो म्हणाला’ हा पुरावा नाही. हप्त्याच्या आधी, जमलंच नाही तर पाणी ओसरल्याबरोबर, शाखेत लेखी अर्ज द्या: कर्ज खात्याचा क्रमांक, पंचनाम्याची प्रत, किती हप्ते पुढे हवेत, आणि ‘या काळात पतमाहिती कंपन्यांना काय कळवणार ते लेखी द्या’ हे वाक्य. शिक्क्यासह पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस संकेतस्थळावर तक्रार टाका, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, चौकशीला 14448. सप्टेंबर 2022 पासून या चार कंपन्यांविरुद्धही तिथे जाता येतं. एका गावातून एक तक्रार गेली तर ती फाईलमध्ये जाते. पूर आलेल्या वाड्यावरच्या प्रत्येक घरातून गेली, तर त्या बैठकीत कोणाला तरी उत्तर द्यावं लागेल.