तीन महिन्यांची नोटीस? आधी करार काढून बघा

घरभाडं वाढवण्याआधी मालकाने तीन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते, असं भाडेवाढीवरच्या एका लेखात म्हटलंय. पण ही नोटीस केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली. राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा.

नवी मुंबईत ऐरोली-खारघरला बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहायची परवानगी देणाऱ्या करारावर. करारात लिहिलेलं नसेल तर मध्येच भाडं वाढवता येत नाही. खरी गंमत नूतनीकरणाला. आमच्या मालकांनी शेवटच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर नवा आकडा टाकला, तोही एजंटाकरवी! अशा वेळी 'बघू नंतर' म्हणून राहत बसू नका, मुदत संपल्यावर १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट भाडं मागता येतं. त्यापेक्षा सही करतानाच 'वाढ दोन महिने आधी लेखी कळवावी' ही अट घालून घ्या. एजंट कुरकुरतील, कुरकुरू देत.