डबेवाल्यांना साहेब नसतो, असं कोण म्हणालं?

गेल्या महिन्यात आमच्या डिस्पॅचमधल्या दोघांनी एकाच आठवड्यात राजीनामे टाकले. उरलो नऊ जण. मी वरती एका जादा माणसाची मागणी पाठवली, तर रात्री साडेदहाला साहेबांनी ग्रुपवर उत्तरादाखल तो फॉरवर्ड टाकला. तुम्हालाही कधीतरी आला असेलच: "मुंबईचे डबेवाले. शिक्षण जेमतेम, ट्रेनिंग शून्य, टेक्नॉलॉजी नाही, डोक्यावर मॅनेजर नाही. तरी १ कोटी ६० लाखांत एक चूक! फोर्ब्सचं सिक्स सिग्मा सर्टिफिकेट! सव्वाशे वर्षांत एक दिवस खाडा नाही! कारण पैसा नव्हे, निष्ठा!" खाली हात जोडलेले तीन.

डबेवाल्यांच्या कामाबद्दल मला तिळभर शंका नाही. भांडण आहे ते त्यांचं नाव पुढे करून आपल्याला राबवणाऱ्या या मजकुराशी.

आधी ते सर्टिफिकेट. सिक्स सिग्मा म्हणजे कामात चुका जवळपास होऊच न देण्याचा दर्जा. फोर्ब्स हे नियतकालिक आहे, ते सिक्स सिग्मा वाटत नाही. १९९८ साली त्यात डबेवाल्यांवर लेख आला. तो लिहिणाऱ्या पत्रकारानेच पुढे खुलासा केला की सिक्स सिग्मा हा शब्द आपण वापरलाच नव्हता. त्याने डबेवाल्यांच्या अध्यक्षांना विचारलं होतं, चूक कितीदा होते? ते म्हणाले, जवळपास नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एकदा. तेव्हा रोजचे डबे होते पावणेदोन लाखांच्या आसपास. पत्रकाराने गुणाकार केला, ८० लाखांत एक चूक निघाली. रिकामा डबा परत घरीही जातो, म्हणून दुप्पट केली. झाले १ कोटी ६० लाख! तोंडी उत्तरावर केलेला हिशेब आहे हा, चुका कुणी मोजत बसलं नव्हतं. असा आकडा मी महिनाअखेरच्या रिपोर्टात घातला तर हेच साहेब मला मीटिंगमध्ये उभं करतील.

"मॅनेजर नाही." मुकादम हा शब्द फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या कानावरून गेलेला दिसत नाही. डबेवाल्यांचे साधारण वीस-पंचवीस जणांचे गट असतात आणि प्रत्येक गटावर मुकादम असतो. डब्यांच्या वाटणीवर लक्ष, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, आपसातली भांडणं, नव्या गड्याला तयार करणं, सगळं त्याच्याकडे. टोपी घातली नाही, न सांगता दांडी मारली, तर दंडही आहे. एवढी शिस्त आमच्याकडे नाही. फरक इतकाच, की मुकादमही वर्षानुवर्षं डबे वाहिलेला असतो आणि गरज पडली की आजही वाहतो. एखाद्या इमारतीची लिफ्ट बंद आहे हे त्याला रिपोर्टातून कळावं लागत नाही, गुडघे सांगतात. आमचे साहेब डॉकवर शेवटचे आले ते ऑडिटच्या दिवशी.

ट्रेनिंग आणि टेक्नॉलॉजीचं एकदमच घेतो. कधी सकाळी साडेअकराच्या सुमाराला चर्चगेटबाहेर उभं राहून बघा. डोक्यावरची लांबलचक लाकडी पाटी खाली येते आणि हात झाकणांवरून फिरायला लागतात. झाकणाच्या मधोमध मोठा आकडा असतो, डबा कुठल्या भागात उतरायचा त्याचा. कडेला '९ ईएक्स १२' अशासारखं काहीतरी: नऊ म्हणजे पोचवणारा गडी, ईएक्स म्हणजे एक्स्प्रेस टॉवर्स, बारावा मजला. रंग आणि खूण असते ती डबा निघाला त्या स्टेशनची. घराचा पत्ता कुठेच नाही, कारण रोज डबा उचलणाऱ्याला ते दार पाठ असतं. लागेल तेवढंच लिहायचं आणि तेही गर्दीत, चालत्या पावलांनी वाचता येईल असं. याला टेक्नॉलॉजी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आमच्या खोक्यावरच्या लेबलात चौदा रकाने आहेत आणि पोरं त्यातला एकच बघतात. राहिलं ट्रेनिंग. नवा डबेवाला सहा महिने उमेदवारी करतो, डबा उचलण्यापासून वाटणीपर्यंत सगळं शिकतो. आमच्याकडे नव्या पोराच्या हातात स्कॅनर देतात आणि चौथ्या दिवशी त्याला रात्रपाळीला एकटा सोडतात.

"एक दिवस खाडा नाही." हे तर धडधडीत खोटं. गावच्या यात्रांच्या दिवसांत डबेवाले दरवर्षी मिळून चार-पाच दिवस सुट्टी घेतात, गिऱ्हाइकांना आधी सांगून. मावळ, खेड, जुन्नर या भागांतली माणसं ती, यात्रेला गावी जाणारच. ऑगस्ट २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या पाठिंब्यासाठीही त्यांनी एक दिवस डबे बंद ठेवले होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोकल थांबली तशी पाटीही थांबली, आणि कित्येकांना गावी परतावं लागलं. आमच्याकडे गणपतीची रजा मागितली की हाच फॉरवर्ड पुन्हा वर येतो.

आता निष्ठा. असेल, नक्कीच असेल. बहुतेक वारकरी घरांतले, अन्न पोचवणं हे पुण्याचं काम मानणारे. पण उमेदवारी संपली की डबेवाला पैसे भरून धंद्यात भागीदार होतो, आणि गटाची कमाई खर्च वजा जाता जवळपास सारखी वाटली जाते. स्वतःच्या दुकानावर माणूस निष्ठेने बसतो, यात नवल ते काय? आमच्यापैकी कुणाला दिवाळीच्या बोनसखेरीज कशाचा वाटा मिळाल्याचं आठवत नाही.

आणि ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय ती फॉरवर्डमध्ये नाहीच. डबेवाल्यांच्या गटात काही माणसं मुद्दाम जादा ठेवलेली असतात. कुणी आजारी पडलं, कुणाची सायकल पंक्चर झाली, लोकल उशिरा आली, की ती तिथे उभी राहतात. सगळ्यांना सगळी कामं येत असल्यामुळे कुणीही कुणाच्या जागी चालतो. मोठ्या स्टेशनावर पाट्या चढवायला चाळीसेक सेकंद मिळतात, मधल्यावर वीसेक. एवढ्यात एक गडी कमी पडला तर मागची सगळी साखळी लंगडी होते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून सगळे मिळून आपल्याच कमाईतून या जादा माणसांना पोसतात.

मी हे एवढंच, चार ओळींत, ग्रुपवर लिहिलं आणि खाली माझी मागणी पुन्हा चिकटवली. साहेबांचा अंगठा लगेच आला. माणूस अजून यायचाय.