मगर बघायला नेपल्सला जाणाऱ्या बडोदेकरांसाठी

बडोद्यात मगर फुकट दिसते. काळ्या घोड्याजवळच्या पुलावर जरा रेंगाळले की विश्वामित्रीच्या काठावर एखादी ऊन खात पडलेली सापडते, आणि 2024 च्या ऑगस्टात तर पुराबरोबर त्या लोकांच्या सोसायट्यांत येऊन गेल्या. पण फुकटच्या गोष्टीची चार लोकांत काय ती प्रतिष्ठा! तेव्हा मुलगी-जावई फ्लोरिडातल्या नेपल्सला राहत असतील, तर दोन विमाने बदलून तिथली मगर बघायला जाणे हे कर्तव्यच समजावे. ते यथासांग पार पडावे म्हणून या सूचना.

महिना मे किंवा जूनच धरा. सुट्या तेव्हाच असतात आणि तिथला पावसाळाही मे ते ऑक्टोबर, त्यामुळे परक्या देशात आल्यासारखे वाटणार नाही. दुपारी ढग, विजा आणि एक दणदणीत सर. उरलेला वेळ घाम. जूनपासून वादळांचा मोसमही सुरू होतो, तो 30 नोव्हेंबरपर्यंत चालतो. नेपल्सजवळच्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत या दिवसांत पाणी चहूकडे पसरते. त्यामागे मासे पांगतात, माशांमागे पक्षी आणि मगरी, आणि आपल्या वाट्याला मैलोन् मैल सॉग्रास नावाचे गवत उरते. त्याच्या पात्यांच्या कडांना बारीक दाते असतात, म्हणून कौतुकाने हात फिरवून बघायला विसरू नका.

काही अरसिक मंडळी डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत जातात. तेव्हा पाणी आटून डबक्यांत गोळा होते आणि मासे दाटीवाटीने अडकतात. वुड स्टॉर्क नावाचा करकोचा चोच उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि माशाचा स्पर्श झाला की मिटतो. डोळ्यांपेक्षा स्पर्शावरच त्याचे पोट चालत असल्यामुळे मासे दाट झाल्याशिवाय त्याला पिल्ले पोसता येत नाहीत. मगरी स्वतः खणलेल्या खड्ड्यांतले पाणी धरून बसतात आणि बाकीचे जीवही त्याच पाण्याच्या आश्रयाला येतात. म्हणजे सगळे एका जागी, रस्त्यालगत, डास कमी. इतक्या आयत्या दर्शनात पुण्य ते काय? शिवाय हिवाळ्यात हॉटेलांचे भाव चढलेले असतात. उन्हाळ्यात हॉटेल स्वस्त आणि डास फुकट.

सामानात ताजा कढीपत्ता अवश्य न्या, जावईबापूंना तिकडे मिळत नाही म्हणून. लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रस शोषणारी एक बारीक कीड कढीपत्त्यावरही वाढते, आणि तिच्यामार्फत पसरणारा ग्रीनिंग रोग फ्लोरिडात 2005 साली सापडल्यापासून तिथल्या संत्र्याच्या बागांची दैना झाली आहे. त्यामुळे तुमची जुडी विमानतळावरच काढून घेतील. ती आधी सांगितली नसेल तर दंडही करतील. थेपले मात्र बहुधा सुटतात, म्हणून त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका.

नेपल्स गाव श्रीमंतांचे आहे. फिफ्थ अव्हेन्यू साउथवर फिरताना दुकानातल्या वस्तूंचे भाव रुपयांत मोठ्याने करून बघावेत. घरच्यांना बरे वाटते. जुना लाकडी धक्का बघायचा हट्ट धरा. तो 2022 च्या सप्टेंबरात इयन वादळाने मोडला, हे जावयाने सांगितले तरी ऐकू नका. सूर्यास्तासाठी अगदी सूर्य टेकता टेकता निघावे. किनारा पश्चिमेला असल्याने अख्खे गाव त्याच वेळी लोटते. रस्त्याच्या टोकाला गाड्यांसाठी मोजक्या जागा, त्यातल्या कित्येक स्टिकरवाल्या स्थानिकांसाठी, बाकीच्या पैसे भरून. जागा मिळेपर्यंत अंधार पडेल. मग मोबाइलची बॅटरी लावून शिंपले वेचा. मे ते ऑक्टोबर समुद्री कासवे अंडी घालायला येतात आणि दिव्याने बिचकून परत फिरतात, म्हणून तिथे रात्री वाळूवर उजेड करायची बंदी आहे. पण आपण पाहुणे.

आता मुख्य कार्यक्रम. मोबाइलच्या नकाशात नुसते ‘एव्हरग्लेड्स नॅशनल पार्क’ टाका. या पार्कची तीन मोठी प्रवेशद्वारे आतून एकमेकांना जोडलेली नाहीत, तेव्हा नकाशा तुम्हाला मायामीच्या पलीकडे होमस्टेडला नेऊन सोडण्याची चांगली शक्यता आहे. नेपल्सहून जवळचे दार एव्हरग्लेड्स सिटीचे, आणि शार्क व्हॅलीचे दार यूएस 41 या जुन्या रस्त्यावर. तो रस्ता टाळा, कारण त्याच्या कडेच्या कालव्यात मगरी गाडीतूनच दिसतात. त्याऐवजी ॲलिगेटर ॲली नावाचा हायवे घ्या. त्याला दोन्ही बाजूंनी उंच कुंपण आहे. फ्लोरिडातले उरलेसुरले पँथर गाडीखाली येऊ नयेत म्हणून ते घातले आणि त्यांना रस्त्याखालून बोगदे काढून दिले. सत्तर मैलांच्या वेगाने कुंपण फार छान दिसते.

जुन्या रस्त्याची कथाही ऐकून घेऊ नका. ओकीचोबी सरोवराच्या बाजूचे पाणी दक्षिणेकडे मैलोगणती रुंद, उथळ, सावकाश वाहत यायचे. 1928 साली हा रस्ता पूर्ण झाला आणि त्या पाण्याला आडवा बसला. खालचा भाग तहानेने सुकू लागला, तेव्हा कुठे 2013 साली रस्त्याचा एक मैल उचलून पुलावर घेतला. पुढे आणखी पूल झाले. पाण्याची वाट अडवली की काय होते, हे बडोदेकराने अमेरिकेत जाऊन का शिकावे?

शार्क व्हॅलीला भर दुपारी पोहोचा. सकाळी गेल्यास पार्किंग मिळते. तिथे पंधरा मैलांचा डांबरी फेरा आहे आणि निम्म्या वाटेवर बघायचा मनोरा. ट्रामचे आधी बुकिंग करून दोन तासांत माहितीसकट सगळे बघण्यापेक्षा सायकल भाड्याने घ्या आणि पाण्याची अर्ध्या लिटरची एक बाटली सहा जणांत ठेवा. वाटेत सावली नाही आणि मधूनच आडवे निघून यायला रस्ता नाही. निम्म्यावर दमलात तर मागे फिरा किंवा पुढे जा, अंतर तेवढेच.

मगर दिसली की ज्ञान पाजळा: ‘तोंड रुंद, म्हणून ॲलिगेटर.’ आपल्या विश्वामित्रीतली मगर खरी क्रोकोडाइल असूनही जातभाईंत सर्वांत रुंद तोंडाची, त्यामुळे ही खूण बडोदेकराला हमखास फसवते. तोंड मिटल्यावर खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसला तर क्रोकोडाइल, नाही तर ॲलिगेटर. दक्षिण फ्लोरिडात दोन्ही एकत्र राहतात. दात मोजायला जवळ जावे लागेलच; निदान पंधरा फूट लांब राहा असे सांगितलेले असते, ते भित्र्या लोकांसाठी. ती हलत नाही म्हणून उरलेला थेपला टाकून बघा. मगरीला खाऊ घालणे तिथे गुन्हा आहे. खाऊ मिळालेली मगर माणसाला भ्यायची सोडते, मग तक्रार होते आणि पकडून बहुधा मारतात तिलाच. तुमचा व्हिडिओ मात्र राहतो.

चुकून होमस्टेडला गेलाच असाल, तर ॲनहिंगा ट्रेल या पायवाटेपाशी गाडी ठेवताना तिथल्या ताडपत्रीकडे लक्ष देऊ नका. पार्कवाले ती गाडीवर घालायला देतात, कारण तिथल्या काळ्या गिधाडांना वायपरचे आणि काचेभोवतीचे रबर ओढून काढायचा नाद आहे. गाडी न झाकता निवांत फिरून या. गाडी भाड्याची आहे आणि कागदावर सही जावईबापूंची. विम्यात गिधाड बसते का, ते त्यांना परतीच्या वाटेवर विचारा, फोनला रेंज आल्यावर.